लॉरीचा खांदा

आमच्या भाटव्यांइतका लॉरीवर जीव टाकणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल, आणि लॉरीने ज्याला इतके दिवस ताटकळत ठेवले असाही दुसरा नसेल. भाटवे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. उंच, काटकुळे, आणि चालताना नेहमी थोडे पुढे झुकलेले. वळण आले की ते पायी चालतानाही हात बाहेर काढून दाखवत, मागे कोणी असो वा नसो. रस्त्यात कोणाची लॉरी उभी दिसली की तिच्या बॉनेटवर तळहात ठेवल्याशिवाय पुढे जात नसत. तापाने निजलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. गरम लागली तर ‘लई पळवलं बिचारीले’ म्हणून हळहळत, आणि थंड लागली तर कोणी तिला विचारत नाही म्हणून त्याहून जास्त हळहळत. जावयाने सासुरवाडीला आल्यावर दाराशी खाकरावे अशी आमच्याकडे रीत आहे. भाटवे फाटकाशी उभे राहून तोंडाने भोंगा वाजवत. बाबा ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत बसलेले असले की मान वर न करता म्हणत, "आली मोटार." आणि आत चुलीपुढे आक्काचे कान लाल होत.

खरे म्हणजे ते गाडीवान होते, बैलगाडीचे. अकोल्याजवळच्या खेड्यातून त्यांच्या भावांच्या गाड्या कापूस घेऊन सरकी काढायच्या जिनात जात. एके दिवशी वाटेत समोरून पहिली लॉरी आली. बाकीच्यांचे बैल उधळले. यांचे बैल शांत उभे राहिले. उधळले ते भाटवे. कापूस जिनात टाकला, गाडी भावाच्या हाती दिली आणि त्या लॉरीचा पत्ता काढत ते अकोल्याला एका सेठच्या दारात जाऊन बसले. सेठने त्यांना आधी गाडी पुसायला ठेवले, मग हॅन्डल मारायला, आणि पुढे लॉरी चालवणाऱ्या उस्तादाच्या हाताखाली शिकायला. मग भाटव्यांनी अकोल्यात एक खोली घेतली आणि आक्काला नेले. आक्का सांगायची की जेवताना ते ताट दोन्ही हातांनी धरून डावीउजवीकडे फिरवत आणि मधेच पायाने काहीतरी दाबत, वरण सांडले की म्हणत, "खड्डा होता."

उस्ताद त्यांच्यावर खूष होता. फक्त ते लॉरीला जनावर समजतात ही खोड काही गेली नाही. आणि त्या खोडीनेच घात केला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचा खांदा शेकतात, वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या जागी हळद आणि लोणी चोळतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. भाटव्यांनी उस्तादाकडे लॉरीसाठी पोळ्याची सुट्टी मागितली. उस्ताद पोट धरून हसला. मग भाटव्यांनी ठरवले की सुट्टी नाही तर नाही, निदान खांदा तरी शेकावा. पण लॉरीचा खांदा कोणता, हे काही कळेना. चाके म्हणावीत तर ते पाय झाले. बॉनेट म्हणावे तर ते तोंड. शेवटी त्यांनी असा विचार केला की जिथे चालवणाऱ्याचा सगळा जोर पडतो तोच खांदा, आणि हातात धरायच्या त्या गोल चाकाला पळसाच्या पानाने हळद-लोणी चोळून, ‘उद्या जेवायला ये’ असे आवतण देऊन ते घरी आले. आक्काने विचारले, हात पिवळे कशाने झाले? ते म्हणाले, पुण्याचे काम केले.

सकाळी उस्तादाने नेमके त्यांनाच चालवायला बसवले. सेठच्या दुकानापाशी वळण होते. भाटव्यांनी वळण घेतले, म्हणजे त्यांच्या हातांनी घेतले. चाक होते तिथेच राहिले. लॉरी सरळ ओट्यावर चढली, खांब मोडला आणि दुकानावरचे टिनाचे छप्पर तिच्या डोक्यावर टोपीसारखे बसले. माणसे वाचली. भाटवे आधी खाली उतरले आणि लॉरीच्या फुटलेल्या दिव्यावर हात ठेवून उभे राहिले. सेठ आल्यावर ते एवढेच म्हणाले की आज हिला सुट्टी दिली असती तर बरे झाले असते. सेठने त्यांनाच कायमची दिली.

ही बातमी आमच्या घरी अमरावतीला आली तशी बाबा अकोल्याला गेले आणि आक्काला घेऊन आले. बाबांचे म्हणणे साधे होते. बागेत दोन विहिरी आहेत, वांगी आहेत, शेवंती आहे. जावयाने इथे यावे आणि मळ्यात राबावे. ते नसेल तर हाताला काम लागेपर्यंत लेक धाडणार नाही. भाटवे म्हणाले, मळ्यात नाही येणार, लॉरीचेच काम मिळवीन. बाबा म्हणाले, मिळवा आणि न्या. झाले. आक्काने ट्रंक रिकामी केलीच नाही. रोज वरच्या घडीतले एक लुगडे काढायची, धुऊन परत त्यातच ठेवायची, जणू उद्याच निघायचे आहे.

दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी भाटवे अकोल्याहून येत, तेही कोणाच्या तरी लॉरीत पोत्यांवर बसून. ओसरीवर बसले की त्या आठवड्यात कोणाकोणाच्या दारात गेलो ते बाबांना सांगत. गोष्ट दर वेळी एकच. सेठ बसायला सांगतो, चहा पाजतो, आणि भाटवे कामाचे बोलायच्या आधी छपराची हकिकत सांगतात. खांबापासून टोपीपर्यंत सगळी, काही न वगळता. चहा संपायच्या आत काम संपलेले असते. एकदा बाबा फार चिडले.

"जावाईबापू, तुमी पयले ते छप्परच काहून सांगता?"

"मामाजी, मांगून कळलं तं त्याले वाईट वाटन ना."

"अन् आता आमाले बरं वाटून राहिलं का?"

भाटवे म्हणाले, लॉरीचे मालक फार आहेत, कोणीतरी पूर्ण ऐकून घेईल. संत्र्यांचा हंगाम आला, वरूडकडून भरलेल्या लॉऱ्या रात्रंदिवस धावू लागल्या. तो हंगामही गेला. भाटव्यांचा सदरा खांद्यावर विरत चालला. पण फाटकाशी भोंगा वाजायचा तो तसाच.

वडीलमाणसांसमोर नवराबायकोने बोलायचे नाही. म्हणून ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या दारात मला बसवलेले असे, गहू निवडायला. मी घरात फारशी बोलत नसे, म्हणूनच बहुधा दोघांचा माझ्यावर विश्वास. भाटवे भिंतीकडे बघत म्हणत, बाई, तुह्या बहिणीले विचार, खोकला कसा आहे. मी मान वळवून विचारी. आक्का चुलीकडे बघत म्हणे, त्याईले सांग, गेला. खरे तर दोघांनाही एकमेकांचे सगळे ऐकू येई, पण माझ्या तोंडून गेल्याशिवाय ते बोलणे पोचले असे धरत नसत. एक दिवस बाबा मळ्यात गेले होते. तरी भाटवे भिंतीकडेच बघत होते. तसेच म्हणाले,

"बाई, तिले सांग, खोलीत मीच बोलतो, अन् मीच हुंकार देतो."

मला ते सांगता येईना. गव्हातले खडे मला दिसेनासे झाले. मी काही बोलले नाही, तरी आतून आक्काचा आवाज आला.

"त्याईले सांग, चूल रोज पेटवत जा म्हणा. नाही तं खोलीले ओल धरन."

तेही मी सांगितले नाही. भाटव्यांनी मान हलवली, पाणी प्याले आणि उठले. त्या दिवशी त्यांनी वळणावर हात दाखवला नाही. मी फाटकातून बघत होते.

पुढे दुसऱ्या महायुद्धामुळे पेट्रोल मिळेनासे झाले आणि लॉऱ्या कोळशावर चालू लागल्या. मागे लोखंडी भट्टी, ती आधी पेटवायची, गॅस धरेपर्यंत थांबायचे, मग निघायचे. ड्रायव्हर लोकांना त्याचा भारी कंटाळा. धारणीकडच्या जंगलातून लाकूड आणणारा एक ठेकेदार परतवाड्याला होता. त्याचा ड्रायव्हर काम सोडून गेला असे ऐकून भाटवे तिथे पोचले. चहा आला. भाटव्यांनी खांबापासून सुरुवात केली. ठेकेदार मधे एकदाही बोलला नाही, आणि टोपीपर्यंत आल्यावर म्हणाला, "पयल्यानं माह्या गाडीले लाता मारल्या, शिव्या देल्ल्या. तू लोणी लावतं. तूच ये." फक्त लोणी कुठे लावायचे ते मला विचारून लावत जा, एवढी अट त्याने घातली. भाटवे मुळात पहाटे उठून बैलांना वैरण घालणारा माणूस. भट्टीत कोळसा घालून तिच्या शेजारी वाट बघत बसण्यात त्यांना काहीच जड वाटले नाही.

धारणीला राहायला खोली मिळाली, आणि आक्काला न्यायला ते लॉरी घेऊनच आले. फाटकाशी खरा भोंगा वाजला आणि बाबांच्या हातातली जुडी सुटली. बाबांनी लॉरीभोवती एक फेरी मारली, भट्टीला लांबूनच नमस्कार केला, आणि कोबी, वांगी, कोथिंबीर एवढी चढवली की जंगलात बाजार भरावा. आईने ओटी भरली. आक्काची ट्रंक तर केव्हाची तयारच होती. धारणीचा रस्ता वाईट, पावसाळ्यात बंदच. म्हणजे आता दिवाळीशिवाय भेट नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. आक्का माझ्या गालावरून हात फिरवून वर चढली. लॉरीत पुढे एकच बाक, म्हणून ती भाटव्यांच्या शेजारी बसली, आईबाबांच्या देखत. तिने पदर सावरला.

लॉरी सुरू झाली तशी सारी आळी दणाणली. त्या आवाजात आक्का मान वळवून भाटव्यांना काहीतरी म्हणाली, सरळ त्यांच्याकडे बघून. भाटव्यांनीही तिच्याकडे वळून उत्तर दिले, आणि दोघे हसले. मी अगदी जवळ उभी होते, पण मला एक शब्द ऐकू आला नाही. मग लॉरी वळली आणि धुरात दिसेनाशी झाली. मी आत येऊन मधल्या दारात बसले. गहू निवडायचे होते. ओसरीवर बाबा जुड्या बांधत होते, आत आई चुलीपुढे होती, आणि इकडचे तिकडे पोचवायला काही नव्हते.