कुंताची टोपली

परवा नातीने वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवली. बायकांवरच्या जबरदस्तीच्या तक्रारी पोलिसांत येतात, त्यांतल्या खोट्या किती, हे कुणीतरी मोजले आहे. फार थोड्या निघतात म्हणे. मला कुंता आठवली. मला लिहायची सवय नाही, जमेल तसे लिहितो.

एकोणीसशे पंचावन्न सालच्या आसपासची गोष्ट. चांदा जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यासमोर माझे चहाचे दुकान होते. कुंता जवळच्या गावची विधवा ढिवरीण. तिथली पाच घरे तलावात एकत्र मासोळी धरत आणि बाजाराला पाळीने एकेक बाई जाई. पाण्यात उतरेल त्यालाच वाटा.

त्या दिवशी पाळी कुंताची होती. पहाटे तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बांबू ठेकेदाराच्या मुकादमाने तिच्यावर जबरदस्ती केली. ती उठली, टोपली डोक्यावर घेतली, बाजार केला आणि दुपारी ठाण्यात आली. मी चहा घेऊन आत होतो.

"मासोळी विकून आलीस?" जमादाराने विचारले.

"हो साहेब."

"असं काई झालं असतं त बाई रडत आली असती. भाव करत बसली नसती."

"पाच घरचा माल होता, साहेब. सडू देऊ काय? त्यायले काय सांगू?"

"जा घरी. खोट्या तक्रारी रोजच येतेत इथी."

जमादाराने वहीत तक्रार खोटी म्हणून लिहिली. दुसऱ्या दिवसापासून मुकादम पाळीवर मुद्दाम उभा राहू लागला. "काऊन वं, ठाण्यानंच खोटी ठरवली न तुले?" असे हसून म्हणे. कुंताने तलावावर जाणे सोडले, तसा तिचा वाटाही बंद झाला.

पुढच्या बाजाराला पाच घरांची टोपली आलीच नाही. दोन दिवसांनी, भर उन्हाळ्यात, पाच घरच्या बायका ठाण्यात आल्या. पुढे म्हातारी भागीरथा, तिच्या मागे कुंता. भागीरथाने टोपली जमादाराच्या टेबलावर ठेवली आणि वरचे फडके काढले. शिपाई नाक दाबून बाहेर पळाला.

"अवं बाई, हे काय आणलं? उचल पह्यले!"

"बाजार केला त पोरगी खोटी म्हणता, साहेब. घ्या, या खेपी नाई केला. सारी सडवली. आता खरी लिहा."

"उचलते का नाई?"

"पह्यले लिहा. आमाले कोणती घाई? आमाले मासोळीच्या वासाची सवय हाय."

रस्त्यावर गर्दी जमली. माझ्या दुकानातले गिऱ्हाईकही उठून गेले. शेवटी जमादाराने नवी तक्रार लिहून घेतली. खटला चांद्याला चालला, मुकादमाला शिक्षा झाली. कुंता पुन्हा तलावात उतरू लागली. पुढे कित्येक वर्षे मी तिच्याकडूनच मासोळी घेत असे.

तिची पहिली तक्रार मात्र कुणी खोडली नसणार. ठाण्याच्या हिशेबात कुंता एकदा खोटी आणि एकदा खरी अशीच राहिली असेल. मोजणाऱ्यांनी अशा बायका खोट्यांत धरल्या की खऱ्यांत, ते नातीला विचारले. तिला ते बातमीत सापडले नाही.