बेल न उचलणारी काकू

माझ्या आठवणीत आमच्या काकूने एकदाही शपथ घेतली नाही. आमच्या घाटंजीकडे हे सोपं नाही. आमच्याकडे माणूस मेथीची जुडी विकतानाही आईची शपथ घेतो. काकू बाजारात अशा भाजीवालीला तिथल्या तिथे अडवायची. "तुह्या मायले काहून मधात आणतं व? भाजी ताजी हाये का नाही, तेवढं सांग." बाई गडबडायची आणि म्हणायची, "कालची हाये." काकू तीच जुडी घ्यायची. वर म्हणायची, "पाय, शप्पत सोडली तं खरं निघालं."

काकू म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्याची बायको. चुलते काविळीने तरुणपणीच गेले, मूलबाळ नव्हतं. नंतर काही वर्षांनी ती माहेरी पांढरकवड्याला लांबलचक तापाने पडली होती. तिथल्या एका प्रार्थनेच्या मंडळीतल्या बायकांनी तिची सेवा केली. बरी होऊन परत आली ती येशूचं नाव घेत आली, आणि पुढच्या उन्हाळ्यात बाप्तिस्मा घेऊन मोकळी झाली. कुणब्याच्या, शेतीभातीच्या घरातली विधवा सून! गावात काय काय बोललं गेलं ते इथे लिहीत नाही. तिचं नाव 'हालेलुया' पडलं. पारावरची पोट्टी ओरडायची, "हालेलुया चाल्ली!" काकू थांबून म्हणायची, "हौ, चाल्ली. येतं काय संगं?"

एक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणाला मी बरा माणूस वाटायला नको. हीच काकू कित्येक वर्षं गावात खोटारडी म्हणून जगली, आणि ते माझ्यामुळे. मी कमी बोलणारा माणूस आहे. लोक याला स्वभाव म्हणतात. मला माहीत आहे तो काय आहे.

काकूने देव बदलला, पण घरची रीत सोडली नाही. माझे वडील तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर. भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, समोर उभं राहायचं नाही, थेट बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. तिने ती तंतोतंत पाळली. काही सांगायचं असलं की दाराआडून मला म्हणायची, "राजू, त्यायले सांग, बैलाचा खूर दुखून राह्यला." वडील तिथेच हातभर अंतरावर बसलेले. ते म्हणायचे, "तिले सांग, ऐकलं." माझी आई यावर हसायची. काकू म्हणायची, "हसू नोका बाई. मान देल्यानं माहा देव काही बारका होत नाही."

तिच्या भक्तीत डोळे मिटून बसणं थोडं आणि हातपाय हलवणं जास्त. मजुरांची भाकर आधी, घरची नंतर. उरलंसुरलं वाढलेलं तिला चालायचं नाही. "प्रभू जेवाले आला तं त्याले शिळं वाढशीन काय?" असं माझ्या बायकोला विचारायची. बायको वैतागून म्हणायची, "काकू, तो आपला गडी सोम्या हाये, प्रभू नाही." काकूचं उत्तर ठरलेलं, "मले तं दोघायचे हात सारखेच दिसतात." फवारणीच्या दिवसांत ती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, घागर आणि साबण घेऊन बसायची. पंप उतरवला की प्रत्येकाच्या हातावर स्वतः पाणी ओतायची, कोपरापर्यंत. साबण न लावता कोणी चहाला हात घातला की तिच्या तोंडून जे निघायचं ते काही प्रार्थनेतलं नसायचं.

शेतातले तिचे नियम दोनच. वारा असला की फवारणी नाही, आणि रविवारी मजुराला सुट्टी. अर्धी जमीन चुलत्यांची, म्हणून तिचं ऐकावं लागायचं. रविवारी सकाळच्या बसने ती घाटंजीला उपासनेला जायची. टिनाचं छत असलेला छोटासा हॉल, त्यात सगळी मिळून एका लग्नाच्या पंगतीएवढीही माणसं नसतील. पण काकू जायची ती अशी, की सगळं घाटंजी तिची वाट पाहत असावं.

त्या वर्षी कपाशीला बोंडअळी लागली. पऱ्हाटी माणसाच्या खांद्याला लागलेली, आणि बोंडं आतून पोखरलेली. रविवार होता. काकू गेली तशी मी सोमाला बोलावलं. सोमा नाल्यापलीकडच्या कोलाम पोडावरचा, म्हणजे आदिवासी वस्तीवरचा, आमच्याकडे वर्षानुवर्षं कामाला. दोन औषधं मी एकत्र कालवली, मात्राही माझ्या मनाने वाढवली. वारा सुटला होता. सोमा म्हणाला, "मालक, वारा हाये. बाई बोलन." मी म्हणालो, "बाई देवाले गेली. तू मार."

एवढंच. मोठ्या पापाला मोठी वाक्यं लागत नाहीत.

काकू दुपारी परतली तेव्हा सोमा धुऱ्यावर ओकत होता, आणि "दिसून नाही राह्यलं, दिसून नाही राह्यलं" असं म्हणत होता. तिने उपासनेच्या चांगल्या लुगड्यानिशीच त्याला आंघोळ घातली, तोंड धुतलं, ऑटो आणवला. मी भेदरून तिला सगळं सांगून टाकलं होतं, औषध, मात्रा, वारा. ती फक्त म्हणाली, "पाय धर त्याचे. उचल." यवतमाळच्या दवाखान्यात ती त्याच्यासोबत गेली. मी गेलो नाही. मी घरी गेलो, आणि संध्याकाळपर्यंत वडिलांनी आणि मी मिळून ठरवलं की सोमा पिऊन आला होता आणि औषध त्यानेच कालवलं.

सोमा वाचला. डोळे मात्र गेल्यातच जमा. उजेड-अंधार कळतो, माणूस कळत नाही. त्याची बायको जंगू पोलिसांत जाते म्हणाली. गावातल्या जाणत्यांनी समजूत काढली की गावातलं गावात मिटवू, आणि देवळासमोर पारावर बैठक बसली.

मी माझं सांगून झाल्यावर बायकांच्या घोळक्यातून काकू पुढे आली. डोक्यावर पदर होता. पण ती वडिलांच्या समोर, अगदी समोर उभी राहिली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा थेट त्यांच्याशी बोलली. "दादा, सोमानं घेतली नवती. त्याचं तोंड मी धुतलं. वास दारूचा नाही, औषधाचा होता. वारा असताना राजूनं मारायले लावलं. हे मले राजूनंच सांगतलं."

मग एक म्हातारा म्हणाला, "मंग उचल बेल."

आमच्या गावात शेवटचा शब्द बेलाचा. देवापुढचं बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा ताटलीत ठेवतात. जो उचलून बोलेल त्याचं खरं. खोटं बोलून कोणी बेल उचलत नाही, अशी गावाची पक्की समजूत. आणि जो उचलत नाही, तो खोटा.

काकू म्हणाली, "मी शप्पत घेत नाही. तुमाले सर्वायले मालूम हाये."

"आमच्या देवाची नोको घेऊ. तुह्या येशूची घे!" कोणीतरी ओरडलं. हशा झाला.

"त्यानंच तं नाही म्हटलं हाये," काकू म्हणाली. "तुमी हसा. माहं हौ म्हणजे हौ. त्याच्यावर झाकण लागत नाही."

"खरं असतं तं घेतली असती," म्हातारा म्हणाला, आणि ताटली माझ्यापुढे आली. मी बेल उचलला. मला वाटत होतं काहीतरी होईल. काही झालं नाही. वाक्य नीट, पूर्ण बोललो.

जंगू माझ्यावर धावून आली नाही. ती काकूवर धावून गेली. "तुमच्या देवाले एक शप्पत जड झाली काय वो बाई? एक शब्द बोलल्या असत्या तं माह्या माणसाले दारुड्या तं कोणी म्हटलं नसतं!"

मी बरीच वर्षं यावर स्वतःची समजूत घातली. काकूचाही हट्टच नाही का, तिनेही सोमाचं नुकसानच केलं ना. आज ठासून सांगतो, ही समजूत म्हणजे पळवाट होती. गावाला खरं काय ते काकूच्या तोंडून स्पष्ट ऐकू आलं होतं. जी बाई आयुष्यात भाजीच्या जुडीवरही खोटं बोलली नाही, तिच्या 'हौ'ला गावाने पानाएवढीही किंमत दिली नाही. दोष बाईचा नव्हे.

काकू जंगूला एवढंच म्हणाली, "तुह्या जागी मी असती तं हेच बोलली असती." दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोडावर सोमाच्या दारात उभी होती, दवाखान्यात न्यायला. जंगूने दार उघडलं, पण बोलली नाही. बरेच महिने बोलली नाही. काकू जात राहिली. डॉक्टर बोलावेल त्या दिवशी सोमाला घेऊन एसटीने यवतमाळला जायचं, रांगेत उभं राहायचं, संध्याकाळी परत पोडावर पोचवायचं. लोक म्हणायचे, खोटं अंगाशी आलं म्हणून पाप फेडून राह्यली. काकूने एकदाही खुलासा केला नाही.

घरात वडिलांनी तिची चूल वेगळी केली. गोठ्याजवळची खोली तिला दिली. काकूने माझ्यामार्फत निरोप धाडला, "त्यायले सांग, खोली चांगली हाये. ऊन येते." पूर्वी ती पहाटेची गाणी घरच्यांची झोप मोडू नये म्हणून गुणगुणायची. आता गळा काढून म्हणायला लागली. वडील चिडले. "तिले सांग, आवाज कमी कर." काकूचं उत्तर आलं, "त्यायले सांग, माहा देव काही बहिरा नाही. पण मलेच आता मोकळं वाटून राह्यलं." वडिलांनी मान फिरवली. मला वाटतं, हसू लपवायला.

आणि फवारणी आली की ती धुऱ्यावर येऊन बसायचीच, घागर आणि साबण घेऊन. मी सोमाच्या जागी स्वतः पंप पाठीवर घेऊ लागलो होतो. माझ्याही हातावर ती पाणी ओतायची, सगळ्यांच्या ओतायची तितकंच, कोपरापर्यंत. एकदा मी विचारलं, "काकू, तुले माह्यावर राग नाही येत?" ती म्हणाली, "तू बेल उचलला तवा राग नाही आला. भेव वाटला. तुले काहीच झालं नाही ना, त्याचा." मी हात पुसले आणि पंप उचलला. तेव्हाच बोलायला हवं होतं.

मागच्या हिवाळ्यात, वेचणीच्या दिवसांत, काकू गेली. छातीत कळ आली आणि दोन श्वासांत सगळं आटोपलं. तिच्या मंडळीने घाटंजीबाहेरच्या त्यांच्या जागेत तिला पुरलं. गावातून थोडी माणसं आली. वडील फाटकाबाहेरच उभे राहिले, टोपी हातात घेऊन. प्रार्थना सांगणाऱ्या पाळकांनी विचारलं, घरचं कोणी दोन शब्द बोलतं का. मी उठलो आणि सगळं सांगितलं. वारा, औषध, मात्रा, बेल. बायका रडल्या. पाळकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मला इतकं हलकं वाटलं की तिथून कधी हलूच नये.

बाहेर जंगू उभी होती. सोमाचा हात धरून. म्हणाली, "इथं कायले सांगता? इथं सारे तिचेच हायेत. जिथं बेल उचलला तिथं सांगा."

त्याच दिवशी संध्याकाळी पारावर गेलो. तीच माणसं, काही नवीन. वडीलही होते. उभा राहून सांगितलं की काकू खरं बोलली होती, सोमा प्यायला नव्हता, त्याचे डोळे माझ्या हुकमाने गेले, आणि मी देवापुढे खोटं बोललो.

"दुःखात हाये पोरगा," एक जण म्हणाला.

"हालेलुयानं जाता जाता यालेही बाटवलं," दुसरा.

मग तोच म्हातारा, आता काठी टेकत, म्हणाला, "असं कसं मानाचं? बेल उचलून सांग."

"नाही उचलत," मी म्हणालो. "मांगं उचलला तो खोटा निघाला. आता उचललेला कायच्या भरवशावर खरा धरता?"

"मंग तं तुहं खोटंच हाये," म्हातारा समाधानाने म्हणाला, आणि पार उठला. वडील माझ्याकडे न बघता घरी गेले. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. मध्ये निरोप न्यायलाही आता कोणी नाही.

तर गावाच्या लेखी मी खोटा आहे. नातेवाईक म्हणतात, झालं गेलं उकरून घराची अब्रू काढतो. काढतो. ती अब्रू एका आंधळ्या माणसाला दारुड्या म्हणवून राखली होती. तशी राखायची असेल तर तुमची तुम्ही राखा. मी अजून बाप्तिस्मा घेतलेला नाही, घेईन की नाही ते माझं आणि येशूचं. पण काकूने त्याला मान दिला तो कसा, हे ज्याला पाहायचं होतं त्याला रोज दिसत होतं, साबणाच्या वडीत आणि दवाखान्याच्या रांगेत. आम्ही पाहत होतो, आणि तिला हालेलुया म्हणत होतो.

पार रिकामा झाल्यावर जंगू तेवढी थांबली होती. म्हणाली, "मंगळवारी याले यवतमाळले बलावलं हाये. सकाळची बस. बाई नेत होती. येता काय?"

"हौ," मी म्हणालो.

मंगळवारी बस आली. गर्दी होती. मी सोमाचा दंड धरून त्याला दाराकडे ओढायला लागलो. तो जागचा हलला नाही. त्याने माझा हात सोडवला, चाचपडत माझ्या खांद्यावर स्वतःचा हात ठेवला.

"ओढू नोका, मालक," तो म्हणाला. "तुमी नुसते समोर चाला. मी येतो."