पहिल्या क्रमांकाचे बूट

राबिघ या अरबी बंदरात नोव्हेंबर लागला की तांबड्या समुद्रावरून येणारा वारा एकाएकी शहाणा होतो. उन्हाळाभर ओल्या, कढत फडक्यासारखा तोंडावर बसलेला हा वारा मग खारट, किंचित शीतल, जवळजवळ मायाळू होऊन कॉलनीतल्या कडुलिंबांतून हिंडू लागतो. आणि नाशिकच्या थंडीत वाढलेल्या माझ्यासारखीला उगाचच वाटतं, की आता सगळ्यांचं सगळं ठीक होणार. अशा वाऱ्यात माणसाला योजना सुचतात. मलाही सुचली होती, आणि काय थाटात सुचली होती म्हणून सांगू!

रिफायनरीतल्या पाइपलाइनी दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत मी कर्मचारी विभाग सांभाळते. मेसच्या भाजीवर तेलाचा तवंग असतो असं एका मीटिंगमध्ये बोलून बसले आणि ‘वेलनेस प्रोग्रॅम’ माझ्या गळ्यात पडला. पडला तर पडला, मी तो मिरवला! दर महिन्याला साखर आणि रक्तदाब तपासायचा, मेसमधलं तेल कमी करायचं, मोबाइलवर पावलं मोजून चालण्याची स्पर्धा घ्यायची. कंपनीच्या दवाखान्यातल्या नोंदी या उपक्रमाला जोडण्याची टूमही माझीच. फॉर्म मीच तयार केला, नावाखाली इकामा नंबराचा रकाना ठेवला. या देशात राहण्याचा परवाना म्हणजे इकामा. सिमकार्ड घेतानाही तो नंबर द्यावा लागतो, मग आरोग्याच्या फॉर्मवर तो असला तर बिघडलं कुठे? मला तर त्यात नीटनेटकेपणाच दिसला.

तीन महिने झाले, तपासणीला येणारा जो तो ठणठणीत. उन्हात, आगीजवळ, घरापासून समुद्रापार राबणारी पन्नाशीची माणसं, आणि एकालाही साधी साखर नाही? हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. उलट ‘आमचे कर्मचारी निरोगी आहेत’ असं मी साहेबांना लिहून कळवलं आणि स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. कौतुकाची भूक भल्याभल्यांना आंधळं करते, मी कोण लागून गेले!

चालण्याच्या स्पर्धेत इब्राहिमभाई पहिले आले. इब्राहिमभाई आमचे सर्वांत जुने वेल्डर, श्रीवर्धनचे. शुक्रवारी मासळीचं कालवण करतील तर डबाभर माझ्याकडे धाडतील, आणि वर निरोप, की मॅडमना सांगा, कोकम घरचं आहे. धाकटी मुलगी नर्सिंगला आहे, तिचं होईपर्यंत इथे हात चालवायचे, मग खलास, असं नेहमी म्हणायचे. हा गृहस्थ पहाटे कामाआधी चालायचा, संध्याकाळी कामावरून आला की जड सेफ्टी बुटांतच पुन्हा चालायचा. मी सगळ्या पोरांना त्यांचं उदाहरण द्यायची.

बक्षीस होतं खेळाचे नवे बूट. मेसच्या हॉलमध्ये टाळ्यांच्या गजरात मी ते त्यांच्या हाती दिले आणि लाडात येऊन म्हटलं, आत्ताच घालून दाखवा ना इब्राहिमभाई, फोटो काढू! ते नको नको म्हणत होते. पण लोकांनी यल्ला यल्ला, चला आटपा, असा गिल्ला केला, मीही हट्टाला पेटले. शेवटी खुर्चीवर बसून त्यांनी पायातला उजवा बूट ओढून काढला. मोजा तळव्याला चिकटलेला होता, पुढचा अर्धा भाग काळपट लाल. बूट उलटा केला तर त्यातून वेल्डिंगचा हरभऱ्याएवढा खडा फरशीवर पडला. किती दिवस तो आत होता, कोण जाणे! आणि इब्राहिमभाई, आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त चकित होऊन, स्वतःच्याच पायाकडे बघत म्हणाले, “दुखत नाय हो मॅडम. खरंच काय दुखत नाय.”

फोटो काढणाऱ्याकडे वळून मी काहीतरी बडबडले, कारण त्या पायाकडे बघवेना.

हॉस्पिटलात दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला. दुसऱ्या दिवशी भेटायला गेले तेव्हा त्यांनी जे सांगितलं, त्याचा धक्का मोज्यावरच्या रक्ताहूनही मोठा होता. साखर त्यांना सात वर्षांपासून होती. दवाखान्यातून गुपचूप गोळ्या नेत, वेळेवर घेत, सारं सुरळीत चालू होतं. माझा फॉर्म आला आणि घात झाला! “इकाम्याचा नंबर बघितला मॅडम,” ते म्हणाले, “म्हटलं, आता हे कफीलकडे जाणार, आपला परवाना त्याच्या हातात. अनफिट म्हणून घरी धाडतील. पोरीचं एक वर्ष राहिलंय.” म्हणून त्यांनी तपासणी चुकवली, दवाखाना सोडला, गोळ्या संपल्या त्या संपल्या. मेथीदाणे चावायचे आणि साखर उतरावी म्हणून मैलोन् मैल चालायचं. आणि मी, शहाणी, त्याच चालण्याला टाळ्या वाजवत होते! ज्याच्या आरोग्यासाठी आटापिटा केला, त्याचंच औषध माझ्या एका रकान्याने तोडावं? देवा, चांगुलपणाने केलेली चूकही किती निर्दय असू शकते! त्यांनी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

साहेबांशी मी कधी नव्हे ती भांडले. इब्राहिमभाईंना अवजारांच्या स्टोअरमध्ये काम मिळालं. फॉर्मच आता उरला नाही, नुसती बिननावी चिठ्ठी. तपासायला बाहेरची नर्स येते आणि निकाल ज्याचा त्याच्या हातात देते. हे मी मेसमध्ये तीनदा सांगितलं. तरी पहिल्या दिवशी टेबलासमोर कुणी फिरकेना. भिंतीला टेकून सगळे उभे, माझ्याकडे बघत. का ठेवावा त्यांनी माझ्यावर विश्वास?

मग इब्राहिमभाई लंगडत आले. सर्वांसमोर खुर्चीवर बसले, बोट पुढे केलं, टोचून घेतलं, आकडा मोठ्याने वाचला आणि भिंतीकडे वळून वेल्डरांच्या मुकादमाला, दापोलीच्या रशीदला, म्हणाले, “ये रे. आणि बसण्याआधी बूट काढ.” रशीद आला, वाकला, आणि नाडी सोडू लागला.

त्याच्या मागे आणखी चौघे बूट काढायला खाली वाकले होते. इब्राहिमभाई एकटे नव्हते तर! पण या वेळी मी मान फिरवली नाही.