पॅड न झिजणारी गाडी

माझे भाऊजी, म्हणजे बहिणीचे यजमान, पस्तीस वर्षं गाड्यांचे ब्रेक दुरुस्त करतायत. दुसरं काही नाही. कुणी इंजिनाचं काम आणलं, तर ‘गाडी पळवणं माझं काम नाही, थांबवणं आहे’ म्हणत वाटेला लावतात. शेजारीच माझं स्पेअर पार्टचं दुकान, त्यामुळे हा हट्टी माणूस रोज माझ्या नशिबी आहे.

ताई गेल्यापासून घरात ते एकटेच. एका ताटलीत जेवतात, तीच धुऊन पालथी घालतात. लेक चार तासांवरच्या शहरात नोकरीला. फिरतीचं काम, त्यामुळे सहा महिन्यांत तिच्या गाडीचे ब्रेक पॅड झिजायचे. ते बदलायला ती इकडे यायची आणि भाऊजी तासाभराचं काम दोन दिवस पुरवायचे. संध्याकाळी चाकं काढून ठेवली, की पोरगी मुक्कामाला राहिलीच! मला सगळं कळायचं, पण मी कधी तोंड उघडलं नाही.

मग तिने इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि वर्षभर फिरकलीच नाही.

परवा ब्रेक तपासून घ्यायला आली. भाऊजींनी चाक काढून पॅड मोजले, तर अगदी नव्यासारखे. या गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटरच उलटं काम करायला लागते, चाकांचा वेग कमी करता करता बॅटरी भरते. पॅडची गरज पडते ती अगदी शेवटी, नाहीतर एकदम थांबायची वेळ आली तर. उलट वापर नाही म्हणून पॅड जिला धरतात त्या लोखंडी डिस्कवर गंज चढला होता.

मी भाऊजींना बाजूला घेतलं. “आयतं निमित्त मिळालंय. दर तीन महिन्यांनी गंज घासावा लागतो म्हणून सांगा.”

“गिऱ्हाइकाला मी कधी खोटं सांगितलेलं नाही.”

“अहो, ती काय गिऱ्हाईक आहे?”

तेवढ्यात लेकीने विचारलं, “बाबा, आता पुन्हा कधी आणू?”

“दोन वर्षांनी. ब्रेक ऑइल तेवढं बदलू. आणि आठवड्यातून एकदा, मागेपुढे कुणी नाही बघून, जरा जोरात ब्रेक दाबत जा. गंज निघून जाईल.”

“म्हणजे मधे यायला नको?”

“गाडीला नको.”

भाऊजींनी चाक बसवल्यावर तिने किल्ली उचलली. मग जेवणाआधीच निघून गेली.

माझं डोकंच फिरलं. संध्याकाळी भाचीला फोन लावून चांगलं झापायला घेतलं. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, “मामा, आमच्या कोपऱ्यावरच गॅरेज आहे. पॅड तिथेही बदलता आले असते. बाबांना बरं वाटावं म्हणून मी चार तास गाडी हाकत यायचे. ते एकदाही नुसतं ‘ये’ म्हणाले नाहीत.” ती रडत होती. माझा सगळा राग उतरला.

तसाच भाऊजींकडे गेलो आणि तिचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. ते स्टुलावर बसले. मग त्यांनी फोन उचलून तिचा नंबर लावला. मी शेजारीच उभा.

“पोचलीस का गं?” मग लगेच, “ब्रेकचा आवाजबिवाज येत नाही ना?”

पलीकडून ती काहीतरी बोलली. मी खुणेनेच ‘ये म्हणा’ असं सुचवलं. “बरं,” एवढंच भाऊजी म्हणाले आणि फोन ठेवून दिला.