दाजी आणि चार काळ्या वायरी

बावड्यापासून बारामतीपर्यंत विजेला आमच्या दाजींइतका भिणारा माणूस नव्हता, आणि पोट मात्र विजेवरच चालायचं. बावड्यात त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. काम करताना डावा हात खिशात ठेवला की शॉक काळजापर्यंत जात नाही, असं त्यांनी ऐकलेलं. मग सवयच जडली. जेवतानाही हात खिशात. ताई म्हणायची, "अहो, आमटीला करंट न्हाय!" पूजेला बसायचं ते टाळायचे, कारण धोतराला खिसा नसतो.

शहाण्णव-सत्त्याण्णव साल असेल. कळसला त्यांच्या पुतणीचं लग्न होतं आणि संध्याकाळी बारामतीचा ऑर्केस्ट्रा. दुपारीच त्यातला गिटारवाला रडवेला होऊन मांडवात दाजींकडे आला. त्याचा अँप्लिफायर परदेशी, एकशे दहा व्होल्टचा. आपल्या विजेवर चालावा म्हणून त्यानं स्वतःच ट्रान्सफॉर्मरच्या वायरी सोडवल्या होत्या. आत येणाऱ्या विजेसाठी दोन वेगळी वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, त्यांच्या चार वायरी, चारही काळ्या. आता कुठली कुठं, ते त्याला कळेना.

"मला न्हाय जमायचं," दाजी म्हणाले. त्यांनी पूर्वी थोरल्या भावाचा फॉरेनचा टेप जाळला होता. भाऊ वर्षभर बोलला नव्हता, आणि त्याच भावाच्या मुलीचं हे लग्न. भाऊ शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "बघ की. आज जळला तरी बोलंन मी."

दाजी बसले. मीटर लावून त्यांनी जोड्या ओळखल्या. दोनशे तीसला दोन्ही वाइंडिंग एकामागे एक जोडायची, पण एकाच दिशेनं. दुसरं उलटं लागलं तर ट्रान्सफॉर्मर जळणार. म्हणून मध्ये शंभरचा बल्ब घालून त्यांनी बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला. मांडवात टाळ्या पडल्या.

"गप बसा! पेटला म्हंजी चुकलं. जाळायची वीज बल्बच खातोय."

दुसऱ्या वाइंडिंगच्या दोन वायरींची त्यांनी अदलाबदल केली. बल्ब जेमतेम लाल झाला. गिटारवाल्याचं तोंड उतरलं आणि दाजी हसले. "आता जमलं."

गाणी सुरू झाली. वऱ्हाड स्टेजसमोर, दाजी एकटे मागे, अँप्लिफायरजवळ. ताई ताट घेऊन गेली. "हितं हात ठेव," म्हणत त्यांनी तिचा हात धरून अँप्लिफायरच्या पेटीवर ठेवला. "कोमट हाय. बरं चाललंय." चारचौघांत त्यांनी तिचा हात कधी धरला नव्हता. ताट दुसऱ्या हातात तसंच धरून ताई गाणं संपेपर्यंत उभी राहिली.

दाजी जाऊन बरीच वर्षं झाली. गाणं कुठलं होतं, ते ताईला आठवत नाही. पेटी किती कोमट होती, ते मात्र नीट सांगते.