लोकर लावलेली गाडी

रस्त्यात उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीजवळून जाताना डेंटरचा तळहात आपोआप तिच्या पत्र्यावरून फिरायचा. हलकेच, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा. गाड्यांचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणं हाच त्याचा धंदा.

"अहो, लोकांची गाडी आहे ती," बायको दबक्या आवाजात म्हणायची.

"ठोकलेली आहे गं कधीतरी. वरून रंग छान मारलाय, आत नुसती पुट्टी."

बायको इस्पितळात नर्स. तिथे सगळे तिला सिस्टर म्हणत, म्हणून गल्लीही म्हणे, आणि टोमणा मारायचा असला की सासूबाईसुद्धा. घरात ही तिघंच. चौथी म्हणजे छोटी गाडी. कुणीतरी भंगारात काढलेली डेंटरने उचलून आणली होती आणि ठोकून-ठाकून नव्यासारखी केली होती.

त्या गाडीतून फिरायचे ते रविवार सिस्टरला अजून आठवतात. पुढे ती दोघं, मागे ऐसपैस सासूबाई, मांडीवर विणकाम, आणि मागून अखंड सूचना.

"हळू रे. तो बघ सायकलवाला. आणि तुझ्या बायकोला म्हणावं, काच वर कर."

बायको हाताच्या अंतरावर बसलेली असायची. पण सासूबाईंचा निरोप कायम मुलामार्फत. लग्नानंतर इतकी वर्षं झाली, तरी टपाल त्याच वाटेनं यायचं.

मग सिस्टरची बदली झाली, थेट टेकड्यांपलीकडच्या इस्पितळात. बसच्या वेळा कामाच्या पाळीशी जुळेनात. गाडीने जावं, तर पेट्रोल अख्खा पगार खाऊन ढेकर देईल. इस्पितळाने आवारातच एक खोली देऊ केली. महिनाअखेर काय ते कळवा, नाहीतर दुसरीला देतो, म्हणाले.

"घे म्हणावं खोली," सासूबाई मुलाला म्हणाल्या. "रविवारी येत जाईल."

सिस्टरचं अर्धं तरुणपण वसतिगृहाच्या लोखंडी खाटांवर गेलं होतं. पुन्हा एकटीसाठी चहा करायचा, एकटीचा कप विसळून पालथा घालायचा, हे तिला नको होतं.

"खोलीबिली काही नको," डेंटर म्हणाला. "गाडीलाच कमी खायला लावतो."

"उपाशी ठेवणार तिला?"

"वारा आडवा येतो गं तिला. निम्मं पेट्रोल त्याच्याशी भांडण्यातच जातं."

आणि तो कामाला लागला. बाणाचं टोक असावं तसं पत्र्याचं टोकदार नाक बनवून त्याने गाडीच्या तोंडावर बसवलं. चिचुंद्री दिसायला लागली गाडी. गल्लीतल्यांची हसून हसून पुरेवाट झाली. बरं, हसू सोसलं असतं, पण पेट्रोलमध्ये काडीचाही फरक पडेना.

"वारा नक्की कुठे अडतो ते दिसलं पाहिजे," डेंटर डोकं खाजवत म्हणाला. बोलता बोलता त्याची नजर सासूबाईंच्या मांडीवर गेली.

"आई, थोडी लोकर दे ना."

"किती?"

"थोडीशी."

थोडीशी म्हणता म्हणता लाल लोकरीचा अख्खा गुंडा गेला. बोटाएवढे तुकडे करून त्याने चिकटपट्टीने गाडीभर चिकटवले. शेजारचा टॅक्सीवाला ते बघून म्हणाला, "डेंटर, हिला आता न्हाव्याकडे नेणार का?" पण पठ्ठ्याने आपली टॅक्सी मात्र काढली. सिस्टरला शेजारी बसवून तो मोकळ्या हमरस्त्यावर डेंटरच्या मागोमाग निघाला.

"पुढे कशी आहे?" डेंटर खिडकीतून ओरडला.

टॅक्सी बरोबरीला आली, तशी सिस्टर ओरडली, "पुढे तुळतुळीत! तेल लावून विंचरल्यासारखी! टपावरही छान!"

"आणि मागे?"

टॅक्सी मागे पडली. मागच्या काचेवर लोकरीचा नुसता हैदोस चालला होता. धागे उठत होते, पिळत होते, गरगरत होते. काही तर चक्क उलटे, पुढच्या दिशेला उडत होते.

"अहो, मागे दंगल चाललीय!"

डेंटरने गाडी कडेला घेतली. उतरून तो मागच्या काचेपाशी गेला आणि उभाच राहिला. चेहरा पार उतरलेला.

"मी उगाच नाकाला धार लावत बसलो. वारा पुढून नीट येतोय. पण मागे गाडी एकदम संपते, भिंतीसारखी. तिथे तो घिरट्या घालतो आणि गाडीला मागे खेचतो."

"मग?"

"मागून निमुळती करायची, माशासारखी. शेपटाला एकच चाक."

"मग करा ना!"

"मागची सीट जाईल गं. आईची."

टॅक्सीवाल्याने टॅक्सी घराकडे वळवली.

पुढचे काही दिवस डेंटर मागची सीट मोजून मोजून बघत राहिला. महिना संपत आला तेव्हा सिस्टरनेच स्वयंपाकघरात विषय मिटवला. "राहू द्या. मी खोली घेते. आईंचं फिरणं तेवढंच आहे, ते कशाला तोडायचं?"

दारात सासूबाई उभ्या होत्या. किती वेळ, देव जाणे.

"काय रे, गाडी कापायला किती दिवस लागतात?"

"आई, तुला कुणी सांगितलं?"

"टॅक्सीवाल्याच्या पोटात काही राहतं का? बोल, कापतोस, का मी आणू करवत?"

"पण तू कुठे बसशील?"

"घरात बसेन. घर काय लहान पडतंय? पण ती तिकडे राहिली तर संध्याकाळी मी बोलू कुणाशी? तुझ्याशी? तुला पत्र्यावाचून काही सुचतं का?" मग त्या वळल्या, आणि मधला टपालवाला सोडून थेट सिस्टरकडे बघत म्हणाल्या, "आणि तू गं, उशीर होणार असला तर फोन करायचा. मी जेवायची थांबते."

सिस्टर नुसतं "हो आई" म्हणाली.

कापायच्या दिवशी डेंटरने खडूने रेघ मारली आणि करवत हातात घेऊन थांबला.

"का थांबलात?"

"आयुष्यभर लोकांनी चेपलेलं सरळ करत आलो गं. धडधाकट पत्रा कधी कापला नाही."

एका बाजूने बायकोने पत्रा धरला, दुसऱ्या बाजूने आईने. टोकदार नाक भंगारात गेलं, जुनं गोल तोंड परत आलं आणि मागे निमुळतं शेपूट उभं राहिलं. पुन्हा लोकर लागली तेव्हा सासूबाईंनी विणून झालेली बाही स्वतःहून उसवून दिली. या खेपेला शेपटावरचे धागेही शहाण्या मुलांसारखे आडवे पडून राहिले. वाहन तपासणाऱ्या साहेबांनी गाडीभोवती फेऱ्या मारल्या, चाक हलवून बघितलं, हसू दाबलं आणि शिक्का दिला. सिस्टर टेकड्यांपलीकडे जाऊन परत आली तरी पेट्रोलचा काटा जागचा फारसा हलला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने इस्पितळात सांगून टाकलं, खोली नको.

निवृत्त होईपर्यंत ती त्याच तीनचाकीने गेली-आली. आता ती गाडी नाही, सासूबाईही नाहीत. पण सिस्टरला सगळ्यात जास्त आठवतो तो गाडी कापल्यानंतरचा पहिला रविवार. गाडीत दोघांचीच जागा. डेंटर म्हणाला, "तुम्ही दोघी जा. मला काम आहे." काम कसलं, दाराशी उभं राहून हात हलवायचं.

सासूबाई पहिल्यांदाच पुढे बसल्या. गल्ली संपली तरी एक सूचना नाही. सिस्टर धास्तावली.

"आई, बरं वाटत नाहीये का?"

"गप्प बस. बघू दे." त्या काचेजवळ वाकल्या होत्या. "पुढून रस्ता असा दिसतो होय! इतकी वर्षं तुमच्या दोघांच्या मानाच बघितल्या मी."

सिस्टर खळखळून हसली. पुढे वळण होतं. तिने वेग कमी केला, तशा सासूबाई म्हणाल्या, "हळू कशाला? जाऊ दे की जरा."