बाबांच्या जागी नवे कोच
नव्या बास्केटबॉलच्या रबराचा वास आला की मला डोंबिवलीतल्या एका कॉलेजचं तापलेलं कोर्ट आठवतं. संघ पुन्हा हरलेला आणि पायऱ्यांवर पोरं भांडत होती, कोच बदलायचे की नाही. कोच म्हणजे माझे बाबा, पण मला तिथे कुणी ओळखत नव्हतं. “तुला काय वाटतं गं?” शेजारच्या मुलीने विचारलं. “बदला. थकलेत ते आता,” मी म्हणाले. मागे वळले, तर माझ्यासाठी थंड पाण्याची बाटली घेऊन बाबाच उभे होते. रिक्षात ते एवढंच म्हणाले, “बरोबर बोललीस.” महिन्याभरात त्यांनी स्वतःहून काम सोडलं. मी खोटं बोलले नव्हते, पण ते त्यांना आधी घरी, शेजारी बसून सांगायला हवं होतं.